नदीकाठचा तुकडा आणि चालू राहिलेली टाकी

मी, खाली सही करणारी इडा मारिया पिएरोबॉन, वय वर्षे एकोणसाठ, अविवाहित, राहणार मॅकनॉट पॉकेट, इंगमजवळ, उत्तर क्वीन्सलंड, व्यवसाय ऊस उत्पादकांना मातीविषयी सल्ला देणे, आज पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवते, की माझे डोके जागेवर आहे. हृदयाची एक झडप जागेवर नाही. ती येत्या सोमवारी टाउन्सव्हिलच्या इस्पितळात बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, धोका फारसा नाही. आमच्याकडे पुराच्या आधीही असेच म्हणतात.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली, धाकाने वा प्रलोभनाने लिहीत नाही. रागाने लिहीत आहे. माझे वकील हॅस्केल यांना मी विचारले, की रागाने मृत्युपत्र अवैध ठरते का. ते म्हणाले, ठरत नाही, फक्त लांबते. वाक्ये छोटी ठेवा आणि शेरे टाळा, असा सल्ला त्यांनी दिला. वाक्यांचे बघते.

कलम १. सन २०१६ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र याद्वारे रद्द करते. त्यात मी सर्व काही माझा धाकटा भाऊ रिनो पिएरोबॉन यास दिले होते. ते का रद्द केले हे रिनोला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण त्याची स्मरणशक्ती सोयीप्रमाणे चालते.

परवा रविवारी तो जेवायला आला. येताना आईच्या पद्धतीचे न्योक्की, बटाट्याचे ते इटालियन गोळे, घेऊन आला, तेव्हाच माझी खात्री झाली. त्याच्याबरोबर आलेला खत कंपनीचा माणूस फाटकापाशी गाडीत काच वर करून बसला होता. त्याला आत बोलाव, असे मी म्हटले, तर रिनो म्हणाला, त्याचे जेवण झाले आहे. मग त्याने न्योक्कीच्या भांड्याशेजारी एक कागद ठेवला. माझा नदीकाठचा सतरा हेक्टरांचा तुकडा त्याच्या नावे करून देण्याचा तो कागद होता.

"सही करून टाक, इडा. ऑपरेशनला हलकी होऊन जा."

तुकड्याचे काय करणार, असे मी विचारले. नीट करीन, असे तो म्हणाला. नीट म्हणजे काय, ते त्याने घास घेत घेत सांगितले. पडीक सालात मी पेरलेला ताग, सूर्यफूल, चवळी, मुळा हे सगळे तणनाशकाने मारायचे, जमीन दोनदा उभी-आडवी नांगरायची, आणि लागणीच्या सरीत हुमणीचे, मुळे खाणाऱ्या त्या अळीचे, दाणेदार औषध टाकायचे. अकरा वर्षांत मी त्या जमिनीत जे जे आणले ते एका जूनमध्ये संपवायची ही यादी. त्याने ती बाजारातून आणायच्या सामानासारखी वाचून दाखवली.

"अगं, लोक मला विचारतात, ते शेत आहे की लग्नाचा मांडव? तुझं नाव घेऊन नाही, माझं नाव घेऊन विचारतात. पिएरोबॉनांचा तुकडा म्हणतात."

मी सही केली नाही. न्योक्की मात्र खाल्ले. ते चांगले झाले होते. रिनो वाईट माणूस नाही, हे इथे नोंदवते. तो नीटनेटका माणूस आहे, आणि वाईट माणसाशी भांडणे त्यापेक्षा सोपे असते.

कलम २. देह. मला इथल्या दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी पुरावे. दफनभूमीची समिती दर पंधरवड्याला थडग्यांभोवती तणनाशक मारते, त्यामुळे मेलेल्या माणसांना तिथे मेलेल्या गवताचीही सोबत असते. माझ्याभोवती चारही बाजूंनी दीड मीटर काही मारू नये. गवत वाढेल ते वाढू द्यावे. मग एकसारखे दिसणार नाही, असे समितीने म्हटले तर त्यांना कळवावे, की तसे दिसू नये हाच मृताचा हेतू होता.

कलम ३. घर. तुकड्याशेजारचे माझे लाकडी घर, स्वयंपाकघरावरच्या गळक्या पत्र्यासह, रिनोला द्यावे. यात उपरोध नाही. तो पत्रे फार सुबक बसवतो. जन्मभर तेवढेच केले असते तर आम्ही दोघे भावंडे सुखात राहिलो असतो.

कलम ४. बैठकीच्या खोलीच्या दारामागे एक पितळी पाटी उलटी टांगलेली आहे. तीवर माझे नाव आहे आणि 'वर्षातील उत्कृष्ट विक्री' असे कोरलेले आहे. ती खत कंपनीला टपालाने परत पाठवावी. मी त्या कंपनीत बारा वर्षे कृषितज्ज्ञ म्हणून नोकरी केली. तज्ज्ञ हा शब्द त्यांचा. मी विकत असे. उसाची पाने पिवळी पडली की युरिया, मुळे खाल्ली गेली की हुमणीचे औषध, औषधाने गांडुळे मेली की जमीन भुसभुशीत करणारे आणखी एक औषध. एकाचा उपाय दुसऱ्याचे दुखणे होई आणि दोन्हींची पावती मी फाडत असे. हे सगळे मी मनापासून करीत होते. माझे तेच खरे पाप आहे. मनाविरुद्ध केले असते तर आज मिरवता आले असते.

सन २०१० मध्ये वडिलांनी मला नदीकाठच्या तुकड्यावर बोलावले. पूर्वी त्या जमिनीत एका लागणीवर पाच खोडवे, म्हणजे तोडणीनंतर बुंध्यांतून फुटणारी पिके, निघत. आता दुसऱ्यातच ऊस करंगळीएवढा व्हायचा. मी कंपनीच्या गाडीतून, कंपनीची टोपी घालून गेले. वडिलांनी फावडे दिले. वीतभर खाली फावडे अडले आणि ठण् असा आवाज आला. थोडे रुंद खणून पाहिले, तर उसाची मुळे त्या कठीण थराशी येऊन आडवी वळली होती, बंद दारापाशी माणूस वळतो तशी. एक गांडूळ नव्हते. मातीला वासही नव्हता, बरा नाही की वाईट नाही.

वडील रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "तू सांगितलंस तेवढंच टाकलंय मी, इडा. कमी नाही आणि जास्तही नाही."

त्या महिन्याअखेर मी नोकरी सोडली. दोन वर्षांनी वडील गेले. राहत्या घराभोवतीची शेती त्यांनी रिनोला दिली आणि तो तुकडा मला. सगळ्यांना वाटले, मुलीला वाईट जमीन देऊन टाकली. मला तो गृहपाठ वाटला.

कलम ५. फावडी तीन, सूक्ष्मदर्शक एक, आणि एकवीस वह्या आमच्या मॅकनॉट पॉकेट गावच्या ऊस उत्पादक गटाला द्याव्यात. वह्यांत शेतवार नोंदी आहेत. त्या वाचताना गटाने एक ध्यानात ठेवावे. रसायने सोडणे ही धर्मांतराची दीक्षा नाही. मी कोणालाही एका दिवसात सर्व सोडायला सांगितले नाही, आणि ज्याने माझे नाव सांगून तसे केले त्याने स्वतःच्या हौसेने केले. पहिल्या वर्षी युरिया चौथाईने कमी करा. पाचट जागेवर राहू द्या. पडीक साल उघडे ठेवू नका, चार-पाच जातींचे मिश्रण पेरा. कारखान्याची मळी ताजी ओतू नका, कुजवून टाका. आणि दर तिमाहीला मालकाने स्वतः, स्वतःच्या फावड्याने, एकाच जागी खणावे. नोकराला पाठवू नये. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, की जो माणूस भाषणाने बदलत नाही तो फावडे विनासायास आत गेल्यावर बदलतो. तो फावडे बाहेर काढतो आणि कोणी पाहिले नाही ना, हे बघून पुन्हा घालतो.

सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना तेल लावू नये. मागच्या वेळी कोणीतरी लावले. कोणी ते मला माहीत आहे.

कलम ६. नदीकाठचा तुकडा.

हे कलम लिहायला मला आठ वर्षे लागली आहेत, तेव्हा हॅस्केल यांनी धीर धरावा.

सतरा हेक्टर, पूर्वेस हर्बर्ट नदी, पश्चिमेस कारखान्याचे रूळ. आजमितीस या जमिनीत फावडे पाते बुडेपर्यंत जाते. खोडवा सहावा आहे आणि उभा आहे. नांगरट नाही, दाणेदार औषध नाही, युरिया पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. या जमिनीला पुन्हा औषधाच्या वाटेला लावू नये, यावच्चंद्रदिवाकरौ, असे मी लिहिणार होते. हॅस्केल म्हणाले, कायद्याची नजर चंद्रसूर्यापर्यंत पोहोचत नाही, ती मालकापर्यंतच पोहोचते, तेव्हा अट घालण्यापेक्षा मालक नीट निवडा.

म्हणून हा तुकडा मी आर्वो कुयांपा, वय सहासष्ट, राहणार मॅकनॉट पॉकेट, यास देते.

आता हे नाव वाचून गावच्या हॉलमध्ये जी कुजबुज होईल तिला उत्तर देते. आर्वो कोण, हे पॉकेटमध्ये सर्वांना माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते खोटे आहे. ते खोटे मी सांगितले.

सन २०१४ मध्ये सहा उत्पादकांनी माझ्यावर विश्वास ठेवून प्रत्येकी दोन हेक्टर नवी लागण प्रयोगाला दिली. लागणीच्या सरीत, बेण्याबरोबर, भातावर वाढवलेली हिरवी बुरशी पेरायची होती. ही बुरशी हुमणीच्या अंगावर बसली, की हुमणी खाणे सोडते आणि काही दिवसांत हिरवी, कडक होऊन मरते. दाणेदार औषधाची गरज राहत नाही. माझ्या तुकड्यावर मी ती दोन वर्षे वापरली होती, पण तिथे हाताने पेरली होती. या सहा शेतांवर लागण यंत्राने व्हायची होती, आणि यंत्र आर्वोचे होते. तेव्हा पॉकेटमधल्या निम्म्या शेतांची लागण तोच करीत असे.

लागणीच्या यंत्रावर एक टाकी असते. बेण्याची टिपरी सरीत पडता पडता तिच्यातून बुरशीनाशकाचा फवारा होतो, बेणे कुजू नये म्हणून. ही टाकी आमच्याकडे कोणी वेगळी धरतच नाही. उसाची लागण म्हणजे टाकी चालू, जसे गाडी चालवणे म्हणजे दिवे असणे. लागणीच्या सूचना मी लिहिल्या, दोन पाने भरून, बुरशी किती, किती खोल, ऊन नको, सारे लिहिले. टाकीचे नाव काढले नाही. मला सुचलेच नाही. बारा वर्षे ते बुरशीनाशक मीच विकले होते, आणि तरी सुचले नाही.

आर्वोला सुचले. त्याने लागणीच्या सकाळी मला फोन केला. मी केर्न्सला एका परिषदेत होते, मातीतील जीवसृष्टी या विषयावर मला भाषण करायचे होते, आणि पुढच्या पाच मिनिटांत माझे नाव पुकारणार होते. तो म्हणाला, "टाकी चालू ठेवायची का गं? तुझी ती बुरशी आहे ना खाली."

मी काय म्हणाले, ते जसेच्या तसे लिहिते.

"आर्वो, माझं आता डोकं खाऊ नकोस. बाकी सगळं नेहमीसारखं कर."

त्याने नेहमीसारखे केले. भाषण चांगले झाले. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी मार्चपर्यंत त्या बारा हेक्टरांत हुमणीने मुळे खाल्ली. ऊस झोपला. हाताने धरून ओढले तर अख्खे ठोंब वर येत होते. मे महिन्यात हॉलमध्ये बैठक झाली. सहाही जण ठोंबे गाडीत टाकून घेऊन आले आणि त्यांनी ती माझ्या पायांपुढे जमिनीवर टाकली. कोणी ओरडले नाही. खत कंपनीचा माणूसही आला होता, मागे उभा होता, आणि त्याला बोलायची गरजच नव्हती.

मी ठोंबे पाहिली, माती पाहिली, आणि काय झाले ते माझ्या ध्यानात आले: फवाऱ्याने सरीतली बुरशीच मारली होती. मी उठले आणि म्हणाले, "बुरशीनाशकाची टाकी चालू ठेवायला मी सांगितलं नव्हतं. का चालू ठेवली, ते यंत्रवाल्याला विचारा."

शब्दशः पाहिले तर वाक्याचा पूर्वार्ध खराच आहे. कागदावर मी तसे सांगितले नव्हते. शब्दांचा असा कीस पाडायला मला कोणी शिकवावे लागत नाही.

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. आर्वो शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने गुडघ्यावरची टोपी एकदा फिरवली आणि म्हणाला, "असेल."

एवढेच. पुढच्या हंगामात त्याला कोणी लागणीला बोलावले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याचे यंत्र त्याच्या परसात, फिनिश लोकांच्या घरी असते तशा त्याच्या वाफेच्या स्नानाच्या खोलीशेजारी गंजत पडले. आज तो कारखान्याच्या रुळांवरचे तण मारायचे काम करतो. पॉकेटमधल्या लागणीत सर्वांत सरळ सरी ज्याची पडायची, तो माणूस आठ वर्षे पाठीवर तणनाशकाची टाकी घेऊन रुळांवरून चालतो आहे. माझ्या तुकड्याच्या कडेने तो जातो तेव्हा फवारा बंद करतो. मी ते कुंपणाच्या आतून पाहत आले आहे, आणि दर वेळी घरात गेले आहे.

मी स्वतःला सांगत आले, की फोनवर आवाज तुटत होता. आवाज तुटत नव्हता. सहापैकी चार जण औषधांकडे परत गेले. उरलेल्या दोघांच्या आधाराने मी गट पुन्हा उभा केला. आता येत्या शुक्रवारी, ५ मे रोजी, अकरा उत्पादक हॉलमध्ये जमून सही करणार आहेत, की या वर्षी ते पडीक साल उघडे ठेवणार नाहीत आणि लागणीत दाणेदार औषध टाकणार नाहीत. एवढे लोक पॉकेटमध्ये कधी एकत्र आले नव्हते. रिनोला घाई का झाली, ते यावरून कळेल. माझा तुकडा हा या अकरा जणांना दाखवायचा एकमेव पुरावा आहे. तो नांगरून टाकला की मागे राहते ती केवळ एका बाईची बडबड.

कलम ७. आर्वोविषयी आणखी थोडे.

गेल्या डिसेंबरात मला चार पावले चालल्यावर धाप लागू लागली. पावसाआधी तुकड्याच्या पडीक भागात मिश्रण पेरायचे होते, ते राहिले. एका सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून बाहेर आले, तर आर्वो पेरत होता. बियाण्याची पोती मी फाटकाशी ठेवली होती, ती त्याने न विचारता उचलली होती. पेरून झाले, तसा तो निघून गेला. आत आला नाही. मी हाक मारली नाही.

रिनो तुकडा मागायला येणार याची मला आधीच कुणकुण होती, म्हणून गेल्या गुरुवारी मी आर्वोच्या घरी गेले. त्याने काळी कॉफी ठेवली आणि वेलचीचा पाव कापला. मी म्हटले, तुकडा तुझ्या नावे करते आहे.

"कशाला?"

"रिनो औषध टाकेल त्यात."

"ते कळलं. माझ्या नावे कशाला?"

मी म्हणाले, की तुझी सरी सरळ असते, तुला जमीन कळते, डिसेंबरात तू पेरलेस. तो पावाचे तुकडे करीत ऐकत राहिला. मग म्हणाला, "ते नव्हे. मी तुला फोन केला होता. तू काय सांगितलंस, ते आठवतं का तुला? एवढंच सांग."

"आठवतं."

"मग ते लिही. त्याच कागदात लिही. नाहीतर पॉकेट म्हणेल, आजारी बाईच्या शेजारी गोड गोड बसला आणि जमीन मारली. मला जमीन नको असं नाही. पण अशी नको."

मी विचारले, तेव्हा हॉलमध्ये का बोलला नाहीस. त्याने आधी माझा कप पुन्हा भरला. फिनिश माणसाला घाई करता येत नाही, हे मला चाळीस वर्षांत कळले आहे.

"सगळे नुकतेच खणायला लागले होते गं. मला वाटलं, आपल्या दोघांपैकी एकाचं नाव जाणार इथे. लागण करणारा दुसरा मिळतो."

इथे मी स्पष्ट लिहिते, की मला आर्वो कुयांपाचा राग आहे. मी त्याच्याकडे हा उपकार मागितला नव्हता. त्याने तो मला न विचारता माझ्या डोक्यावर ठेवला, आणि आठ वर्षे मी तो उचलून लोकांना प्रामाणिकपणावर व्याख्याने दिली. त्या दिवशी त्याने नुसते उठून सांगितले असते, की हिनेच सांगितले, तर मी चार दिवस तोंड लपवले असते आणि पाचव्या दिवशी कामाला लागले असते. कदाचित. हे कदाचित मी त्याच्यामुळे कधीच तपासू शकले नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, तुकडा त्याचाच. त्याची अट मला मान्य आहे आणि कलम ६ लिहून मी ती पुरी केली आहे.

कलम ८. व्यवस्थापक म्हणून हॅस्केल यांना नेमते. बँकेत जे असेल त्यातून आधी अकरा शेतांना पुरेल एवढी बुरशी वाढवायचा भात घ्यावा, मग दफन. दफनात काटकसर चालेल.

कलम ९. ~~माझ्या मृत्यूनंतर उत्पादक गटाच्या पहिल्या बैठकीत, सर्व बसलेले असताना आणि चहाच्या आधी, हॉलच्या व्यवस्थापिका ग्लेनिस टॉमकिन यांनी कलम ६ व ७ मोठ्याने वाचून दाखवावे.~~

हे कलम खोडलेले आहे. खोडण्याचे कारण देणे बंधनकारक नाही, असे हॅस्केल फोनवर म्हणाले, पण देते.

साक्षीदार म्हणून मी आज ग्लेनिसला आणि आमच्याकडे टपाल वाटणाऱ्या बर्नार्ड क्युसॅकला बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. ग्लेनिसने चष्मा लावला आणि वाचायला बसली. हॉलच्या किल्ल्या तीस वर्षे तिच्याकडे आहेत, आणि २०१५ च्या त्या बैठकीनंतर ठोंबांची माती तिनेच एकटीने पुसली होती. बर्नार्ड म्हणाला, गाडीत कोंबडीची पिल्ले आहेत, ऊन चढते आहे, जरा लवकर. ती थांबली नाही. कलम ९ पर्यंत आली आणि तिने चष्मा काढला.

"म्हणजे अकरा जण शुक्रवारी तुझ्या शब्दावर सही करणार. मग तू मरणार. मग मी उठून त्यांना हे वाचून दाखवणार?"

मी म्हटले, शुक्रवारी हे वाचले तर काय होईल, ते तुला कळत नाही. कंपनीचा माणूस तिथेच असेल. निम्मे जण उठून जातील. सह्या होऊ देत, जूनची लागण होऊ दे, एकदा ऊस उभा राहिलेला दिसला, की मग मी काय केले होते याने फरक पडणार नाही.

"त्यांना नाही पडणार कदाचित. पण इडा, तू हेच पुन्हा करते आहेस की. सगळं सांगायचं, आणि टाकीचं तेवढं सांगायचं नाही."

मी तिला म्हणाले, की तू साक्षीदार आहेस, न्यायाधीश नाहीस. ती म्हणाली, मग दुसरी साक्षीदार बघ. बर्नार्ड पिल्लांकडे बघायला बाहेर गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

मला फार राग आला, हे लिहून ठेवते. अजून आहे. ग्लेनिसचा आहे, कारण ती बरोबर आहे आणि चहा पीत पीत बरोबर आहे. माझा मलाही आहे, कारण मरणाचा उपयोग मी चादरीसारखा करायला निघाले होते.

कलम ९ (नवे). शुक्रवार, ५ मे २०२३ रोजी, सह्या होण्याआधी, कलम ६ व ७ मी स्वतः उभी राहून वाचेन. उभे राहवले नाही तर बसून वाचेन. रिनोने पहिल्या रांगेत बसावे, अशी माझी इच्छा आहे. कंपनीच्या माणसाने बसायचे असेल तिथे बसावे. उठून जाणाऱ्यास कोणीही अडवू नये, मागे जाऊन समजूत घालू नये. सह्या अकराऐवजी चार झाल्या तरी चार. एकही झाली नाही, तर तुकडा आहेच, आणि तो आर्वोचा आहे. ज्याला पाहायचे असेल त्याने स्वतःचे फावडे घेऊन तिथे जावे.

वाचून झाल्यावर ग्लेनिसने हॉलच्या फळ्यावर आर्वो कुयांपाचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहावा आणि पुसू नये. लागण जूनमध्ये आहे.

हे मृत्युपत्र माझ्या हाताचे आहे. कलम ९ मधील खाडाखोड मी केली आहे, आणि तीशेजारी समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. वाचले, पुन्हा वाचले, आणि बदलावेसे वाटणारे बरेच असूनही कायम केले.

सही: इडा मारिया पिएरोबॉन

आम्हा दोघांच्या समक्ष तिने सही केली, आणि आम्ही तिच्या व एकमेकांच्या समक्ष केली:

१. ग्लेनिस टॉमकिन, हॉलच्या व्यवस्थापिका, मॅकनॉट पॉकेट

२. बर्नार्ड क्युसॅक, टपाल वाटप, मॅकनॉट पॉकेट व परिसर

स्थळ: मॅकनॉट पॉकेट, इडाच्या स्वयंपाकघरात
दिनांक: मंगळवार, २ मे २०२३